पांढर, पांढरी आणि पांढरपेशा: एका रंगशब्दाची पार्श्वभूमी

अमरकोशात पांढऱ्या रंगाची तेरा नावे एका दमात सांगितली आहेत: शुक्ल, शुभ्र, शुचि, श्वेत, विशद, श्येत, पाण्डर, अवदात, सित, गौर, वलक्ष, धवल आणि अर्जुन. त्यानंतर लगेच हरिण, पाण्डुर आणि पाण्डु ही तीन नावे फिकट, किंचित पिवळसर झाक असलेल्या रंगासाठी वेगळी काढलेली आहेत. मराठीतला ‘पांढरा’ हा या यादीतल्या ‘पाण्डर’चा प्राकृतातून आलेला वंशज आहे. इतके पर्याय हाताशी असताना मराठीने रोजच्या व्यवहारासाठी नेमका हाच उचलला आणि बाकीच्यांना ठरावीक कामे वाटून दिली. ही वाटणी इतकी पक्की आहे की कोशात समानार्थी दिसणारे हे शब्द वाक्यात एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत.

‘शुक्ल’ पंचांगात राहिला, आणि तिथेही बोलण्यात आपण ‘शुद्ध’ व ‘वद्य’ म्हणतो. शिलालेखांत ‘शुक्ल’ व ‘दिन’ यांचा संक्षेप म्हणून ‘शुदि’ लिहीत, त्याचेच हे पुढे शुद्ध केलेले रूप मानले जाते. ‘श्वेत’ सरकारदरबारी गेला, म्हणून शासन श्वेतपत्रिका काढते, पांढरी पत्रिका नव्हे. 1970 साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, तेव्हा क्रांतीला ‘धवल’ हे विशेषण लागले. फारसीतून आलेला ‘सफेद’ भिंतींवर स्थिरावला आणि रंगसफेदीच्या रूपाने आजही दर दिवाळीला घरी येतो. माणसाच्या कातडीसाठी मात्र ‘गौर’चा ‘गोरा’ झाला. माणूस गोरा असतो. तो पांढरा पडतो तेव्हा घाबरलेला किंवा आजारी असतो, आणि त्यासाठी ‘पांढराफटक’ हा खास शब्द आहे. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र असते, ते पांढरेफटक आहे असे कोणी कौतुकाने म्हणत नाही.

‘धवल’ मात्र केवळ संस्कृतप्रचुर लेखनापुरता राहिला नाही. तो गोठ्यातही पोचला आणि तिथे त्याचा ‘ढवळा’ झाला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला ढवळ्या म्हणजे पांढरा बैल आणि पवळ्या म्हणजे पोवळ्यासारख्या तांबूस रंगाचा. म्हणीतला ‘वाण’ हा शब्दही ‘वर्ण’ म्हणजे रंग याच अर्थाचा आहे, हे आता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लग्नात गायच्या मंगलगीतांना ‘धवळे’ म्हणत. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात रचलेले रुक्मिणीस्वयंवराचे धवळे प्रसिद्धच आहेत. कोकणीत तर रोजच्या बोलण्यातला पांढऱ्याचा शब्दच ‘धवो’ आहे, म्हणजे मराठीने ‘पाण्डर’ निवडला तिथे शेजारच्या भाषेने ‘धवल’ला पसंती दिली.

‘पांढरा’ या शब्दाचा सर्वांत खोल अर्थ मात्र मातीत आहे. दख्खनच्या गावाचे परंपरेने दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, आणि पांढरी किंवा पांढर म्हणजे लोक राहतात ती जागा. पेशवाईच्या महसुली व्यवहारात ही जोडी रूढ होती आणि पाटील हा काळी व पांढरी या दोन्हींचा प्रमुख असे. ‘पांढर’ म्हणजे वस्ती, आणि त्याच शब्दाने वस्तीतला लोकसमुदायही ओळखला जाई. हा भेद केवळ सांकेतिक नव्हता. एकाच ठिकाणी शेकडो वर्षे लोक राहिले की कोसळलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडे आणि चुना यांचे थर साचून तिथली माती आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा खरोखरच फिकट, राखाडी-पांढरी दिसू लागते. म्हणून ओसाड टेकाडाला शेतकरी ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतो तेव्हा इथे पूर्वी गाव होते असेच तो सांगत असतो. पुरातत्त्वज्ञांनाही ही खूण उपयोगी पडली. प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद किंवा घोडनदीकाठचे इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले, या ताम्रपाषाणयुगीन वसाहती अशाच टेकाडांत दडलेल्या होत्या. माळवदाच्या घरांवर पांढरी माती पसरण्याची रीत मराठवाड्यात आणि सोलापूरकडे होती, कारण चोपून बसवलेली ही माती पावसाचे पाणी सहसा आत मुरू देत नाही.

या पांढरीवरूनच ‘पांढरपेशा’ हा शब्द आला असावा असे मला वाटते. आज तो ‘व्हाइट कॉलर’चा मराठी अवतार म्हणून वापरला जातो आणि इस्त्रीच्या शर्टाचे चित्र डोळ्यांसमोर उभे करतो. परंतु तो त्या इंग्रजी शब्दप्रयोगाहून जुना आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील कोकणच्या खंडांत, म्हणजे 1880च्या सुमारास, ब्राह्मण, प्रभू आणि तत्सम वरच्या जातींचे पांढरपेशे कुळवाड्यांहून वेगळा वर्ग म्हणून नोंदलेले आहेत, आणि त्यांना शेतसाऱ्यात सवलती मिळत असल्याचेही तिथे दिसते. यांचा पेशा काळीतला, म्हणजे नांगराचा नव्हता. तो पांढरीत बसून लेखणी, तराजू किंवा पोथी चालवण्याचा होता. ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणजे लिहिणे हा वाक्प्रचारही त्यांच्याच कामाचा. त्यात शेतातली काळी मात्र नाही.

शुभ्रतेला पावित्र्याशी जोडण्याची सवय पाहता बोलीतला ‘पांढरा’ बऱ्याचदा उलट बाजूला उभा असतो. घरात आलेल्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणे हा क्रूर टोमणा आहे, आणि ‘पांढरे कपाळ’ म्हणजे कुंकू पुसलेले कपाळ.

पंढरपूर आणि पांडुरंग यांचे काय, असा प्रश्न इथे येतोच. पांडुरंग या नावाचा सरळ अर्थ पांढऱ्या अंगाचा असा होतो आणि तो भस्म लावणाऱ्या शिवाला शोभतो, विटेवरच्या सावळ्या विठ्ठलाला नव्हे. म्हणून अनेक अभ्यासकांनी हे नाव पंडरगे या कानडी वळणाच्या जुन्या स्थलनामाचे संस्कृतीकरण मानले आहे. तसे असेल तर मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध ‘पांढऱ्या’ नावाचा रंगाशी संबंध मागाहून जोडलेला ठरतो. वारकऱ्याला याने काही फरक पडलेला नाही. तो एकाच अभंगात पांडुरंगही म्हणतो आणि सावळाही.