ग्राफिटी: आधी नाव, मग चित्र

ग्राफिटी म्हणजे कला की विद्रूपीकरण, हा वाद बहुतेक वेळा देखण्या भित्तिचित्रांचे फोटो समोर ठेवून घातला जातो. पण सुरुवातीला तिथे चित्र नव्हतेच, होते ते फक्त नाव. भिंतीवर लिहिण्याची हौस तशी फार जुनी. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर प्रेमाच्या ओळी, शिव्या आणि निवडणुकीचा प्रचार असे हजारो मजकूर सापडले आहेत. आजची शहरी ग्राफिटी मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात रुजली. 'कॉर्नब्रेड' हे टोपणनाव घेतलेला एक मुलगा दिसेल त्या भिंतीवर ते नाव लिहीत सुटला, आणि हे लोण लवकरच न्यूयॉर्कमध्येही दिसू लागले.

तिथे गाजला तो 'टाकी १८३'. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. निरोप पोहोचवण्याच्या कामासाठी तो शहरभर हिंडायचा आणि जाईल तिथे मार्करने सही करायचा. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली आणि त्याचे अनुकरण करणाऱ्यांना आणखी जोर चढला. भुयारी रेल्वेचे डबे या मुलांना सर्वांत प्रिय, कारण डब्यावर लिहिलेले नाव ब्राँक्सपासून ब्रुकलिनपर्यंत फिरायचे. पण सगळेच लिहू लागल्यावर नुसत्या सहीकडे कोण बघणार? मग अक्षरे फुगली, एकमेकांत गुंतली, त्यांना ठळक कडा आणि छटा आल्या. काही वर्षांतच अख्खा डबा व्यापणारी चित्रे रुळांवरून धावू लागली. या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे: ज्या टॅगला, म्हणजे भिंतीवरच्या नुसत्या सहीला, आपण गिचमिड म्हणून नाक मुरडतो, त्याच्याच चढाओढीतून ही कला घडली. टॅगला झिडकारून भित्तिचित्राचे कौतुक करणे म्हणजे मूळ तोडून फांद्यांना पाणी घालणे.

प्रवाशांचा त्रासही तितकाच खरा होता. डब्यांच्या आत खिडक्या आणि नकाशे शाईने माखलेले असत. महापौर जॉन लिंडसे यांनी १९७२ मध्येच ग्राफिटीविरुद्ध आघाडी उघडली, तरी लिहिणे थांबले नाही. १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी 'तुटक्या खिडक्यां'चा सिद्धान्त मांडला. बारीकसारीक नासधूस खपवून घेतली की मोठ्या गुन्ह्यांना वाट मिळते, असे त्यांचे म्हणणे. त्यातून रंगवलेला डबा हीच बेबंदशाहीची खूण ठरली. रेल्वेने अखेर एक नियम चिकाटीने पाळला: एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला, तर तो धुतल्याशिवाय फेरीवर सोडायचा नाही. नाव फिरणारच नसेल तर रात्री जीव धोक्यात घालून यार्डात शिरण्यात काय अर्थ? मे १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला गेला.

याच काळात ग्राफिटी कलादालनांतही शिरत होती. 'सेमो' या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर वाक्ये लिहिणारा बास्किया मोठा चित्रकार म्हणून नावाजला गेला. रिकाम्या जाहिरातफलकांच्या काळ्या कागदावर खडूने चित्रे काढणाऱ्या कीथ हेरिंगला स्टेशनात अटकही होई आणि त्याची प्रदर्शनेही भरत. फिलाडेल्फियाने १९८४ मध्ये निराळा मार्ग धरला. जेन गोल्डन यांच्या देखरेखीखाली ग्राफिटी करणाऱ्या मुलांच्या हाती भित्तिचित्रांचे काम दिले गेले. त्या शहराचा हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पुढे गोष्ट कोर्टात गेली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवर मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षे चित्रे काढली जात होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्यांवर पांढरा रंग फासला. चित्रकारांनी १९९० च्या दृश्यकलाकार हक्क कायद्याचा आधार घेतला आणि २०१८ मध्ये २१ कलाकारांना मिळून ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये तो निकाल कायम ठेवला. पण या चित्रकारांमागे मालकाची परवानगी होती. परवानगीशिवाय काढलेल्या आणि जागेवरून हलवता न येणाऱ्या कलाकृतींना या कायद्याचे संरक्षण नाही, असे न्यूयॉर्कमधल्याच एका न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले होते.