आई-वडील शेजारी नसताना : एकट्या निर्वासित मुलांच्या आघातोपचाराची पार्श्वभूमी

मुलांच्या मानसिक आघातावर आज जगभर वापरली जाणारी एक प्रमुख उपचारपद्धत अमेरिकेत जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी घडवली. तिच्यात आई किंवा वडील जवळजवळ सहउपचारक असतात. मुलाच्या सत्रांबरोबर त्यांचीही सत्रे चालतात आणि शेवटाकडे मूल आपली हकिकत त्यांच्यासमोर वाचून दाखवते. मग ज्याचे आई-वडील युद्धात मारले गेले, बेपत्ता झाले किंवा दूर मागे राहिले, त्याने ती कोणाला वाचून दाखवायची?

२०१५ साली युरोपीय संघाच्या देशांत नव्वद हजारांहून अधिक मुलांनी पालकांविना आश्रय मागितला, त्यातली जवळपास निम्मी अफगाण. तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ‘पुन्हा’ म्हणायचे कारण असे, की त्याची पहिली उत्तरे सत्तर वर्षे जुनी होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडमधल्या लाखो मुलांना शहरांतून गावी हलवले गेले. स्वतः व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेल्या बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकाळात बालसदने चालवली. रोजच्या नोंदींतून त्यांना दिसले, की आई जवळ असेल तर मूल हल्ल्याची रात्रही बऱ्यापैकी निभावते. खरी मोडतोड होते ती ताटातुटीने. सुरक्षित जागी हलवले म्हणजे मूल सावरले, या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता. १९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने हीच दिशा पक्की केली.

पण ज्यांची आई परत येणारच नव्हती त्यांचे काय? नाझींच्या तेरेझीन छळछावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा मुले ऑगस्ट १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये विंडरमियरला आली आणि ऑक्टोबरमध्ये ससेक्समधल्या ‘बुलडॉग्ज बँक’ या घरात राहायला गेली. सोफी आणि गर्ट्रूड डॅन या बहिणींनी त्यांना सांभाळले. मुलांनी खेळणी फोडली, सामान मोडले, मोठ्यांना शिव्या दिल्या, चावे घेतले. त्याच मुलांना एकमेकांपासून क्षणभरही वेगळे करता येत नसे. जेवताना शेजारच्याच्या ताटात पडले की नाही, याची काळजी स्वतःच्या घासाआधी. हे वाचताना दर वेळी थांबायला होते, कारण आईची जागा या मुलांनी आपल्या परीने भरून काढली होती. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी हा अनुभव १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्या मुलांना सोबत्यांसकट ठेवावे, हे त्यातून तेव्हाच शिकता आले असते.

पुढची काही दशके हा धागा विरळ झाला. १९८० मध्ये पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आले, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांमुळे. मुलांचा विचार मागून झाला. १९८९ च्या बालहक्क करारात निर्वासित मुलांचे संरक्षण (कलम २२) आणि युद्धपीडित मुलांचे मानसिक पुनर्वसन (कलम ३९) दोन्ही नोंदले गेले. जवळपास त्याच काळात सुदानमधल्या यादवीतून हजारो मुलगे पायी इथिओपियाला आणि १९९१ नंतर तिथूनही हाकलले जाऊन केनियातल्या काकुमा छावणीकडे चालत होते. त्यांच्या वाट्याला उपचार फारसे आले नाहीत. तेही बरेचसे एकमेकांच्या आधारानेच तगले.

पुढे जर्मनीत मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी निर्वासितांसाठी कथनावर आधारलेली पद्धत उभी केली आणि तिचे मुलांसाठीही रूप तयार झाले. जमिनीवर एक दोरी पसरायची. ती म्हणजे आयुष्य. चांगल्या आठवणीला फूल, वाईटाला दगड. मूल वाकून एकेक वस्तू ठेवते आणि भाषा अपुरी पडली तरी आयुष्याचा क्रम डोळ्यांसमोर येतो. मग एकेका दगडाशी थांबून सांगायचे : कुठे होतास, काय ऐकू आले, अंगात काय झाले. दोरीचे न उलगडलेले वेटोळे टोकाला तसेच राहते, पुढच्या दिवसांसाठी.

२०१५ नंतर जर्मनीतल्याच उल्म येथे एलिसा फायफर, लुट्झ गोल्डबेक आणि सहकाऱ्यांनी ‘माइन वेग’ म्हणजे ‘माझी वाट’ हा सहा सत्रांचा गट-उपक्रम तयार केला. तो मुलांच्या निवासगृहातले प्रशिक्षित समाजकार्यकर्तेच चालवतात. चाचणीत नेहमीच्या देखभालीपेक्षा आघाताची लक्षणे आणि नैराश्य त्यात अधिक कमी झाले. मला यात बुलडॉग्ज बँकेची आठवण होते : सोबतीला तीच वाट चालून आलेली मुले, आणि हकिकत ऐकायला रोज जेवणाच्या टेबलाशी दिसणारा माणूस.

मात्र १९४५ च्या त्या सहा मुलांना एक गोष्ट सोसावी लागली नव्हती. इथे राहता येईल की परत पाठवतील, याची वाट आजच्या मुलाला महिनोन्‌महिने पाहावी लागते. कधी त्याने सांगितलेले वयच खरे मानले जात नाही. त्यातच अठरावा वाढदिवस येतो. तो दिवस उलटला की अनेक ठिकाणी बालसंरक्षणाचे छत्र जाते, निवासगृह बदलते, आणि ज्याच्यासमोर निम्मी दोरी उलगडून झालेली असते तो माणूसही मागे राहतो.