जग घडवणाऱ्याची चूक : प्राचीन नॉस्टिक पंथांची ओळख

संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू, मराठीतील ‘जाणणे’ हे क्रियापद आणि ग्रीक भाषेतील ‘ग्नोसिस’ हा शब्द मुळात एकाच घरचे आहेत. इंडो-युरोपीय भाषाकुलातील एकाच प्राचीन धातूपासून ते निघाले. इसवी सनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया, रोम, सिरिया अशा ठिकाणी जे धार्मिक गट ‘ग्नोसिस’मुळे माणसाची सुटका होते असे मानत, त्यांना आज आपण नॉस्टिक म्हणतो. हे ज्ञान ग्रंथ पाठ करून किंवा तर्क लढवून मिळणारे नव्हते. आपण कोण होतो, कोण झालो, कुठे होतो, कुठे येऊन पडलो आणि आता कुठे निघालो आहोत, याची ओळख पटणे म्हणजे ग्नोसिस, असे वॅलेंटिनस या नॉस्टिक गुरूच्या परंपरेतील थिओडोटस या शिक्षकाच्या वचनांच्या संग्रहात म्हटले आहे.

हे वाचताना मराठी वाचकाला अविद्या, माया आणि ‘नेति नेति’ आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना घाईने करू नये असे मला कळकळीने वाटते, कारण नॉस्टिकांचा मुख्य प्रश्न त्यांच्या स्वतःच्या भूमीतून उगवला होता. जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकात देव जग निर्माण करतो आणि ते चांगले आहे असे म्हणतो. प्लेटोच्या ‘तिमायस’ या संवादात एक कुशल, सज्जन कारागीर शाश्वत नमुन्याकडे पाहून विश्व घडवतो. या कारागिराला ग्रीकमध्ये ‘देमिउर्गोस’ म्हणतात. नॉस्टिकांनी हे दोन्ही ग्रंथ समोर ठेवून विचारले की, कारागीर इतका चांगला असेल तर त्याच्या हातून रोग, क्रौर्य आणि मृत्यूने भरलेले जग कसे घडले? त्यांचे उत्तर असे होते की, जगाचा कर्ता आणि परमदेव हे एक नव्हेतच.

या मंडळींविषयीची आपली माहिती सुमारे सतरा शतके प्रामुख्याने त्यांच्या विरोधकांकडून आलेली होती. फ्रान्समधील लिआँ या शहराचा बिशप इरेनेयस याने इ. स. १८० च्या सुमारास त्यांच्या खंडनासाठी पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो मेहनती होता आणि प्रतिपक्षाची मते पुष्कळ तपशिलाने देत असे, पण थट्टा करण्याची संधीही सोडत नसे. वॅलेंटिनसचे अनुयायी म्हणत की, सोफिया म्हणजे दिव्य प्रज्ञा शोकाकुल झाली आणि तिच्या अश्रूंतून जगातील सारे पाणी आले. त्यावर इरेनेयस म्हणतो की, अश्रू तर खारट असतात, मग झरे आणि नद्यांचे गोडे पाणी कुठून आले? ते बहुधा तिच्या घामाचे असावे! पुढे हिप्पोलिटस, टर्टुलियन, एपिफेनियस यांनीही अशीच खंडने लिहिली. आरोपीची बाजू केवळ फिर्यादीच्या तोंडून ऐकावी, तशी ही स्थिती होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपात पोचलेल्या, कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्ती भाषेच्या शेवटच्या रूपात लिहिलेल्या मोजक्या हस्तलिखितांमुळे ती थोडीफारच बदलली.

खरा पालट झाला तो १९४५ मध्ये. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडील इजिप्तमध्ये नाग हम्मादी गावाजवळ, जबल अल-तारिफ या कड्याच्या पायथ्याशी, शेतात खत म्हणून टाकायची माती खणायला गेलेल्या शेतकऱ्यांना एक मातीचा रांजण सापडला. या घटनेच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत, पण रांजणातून निघालेला ऐवज आज कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहे. चामड्याच्या वेष्टनात बांधलेले बारा पपायरस-ग्रंथ, एका तेराव्या ग्रंथाची काही पाने आणि त्यांत पन्नासहून अधिक लेखन, सारे कॉप्टिक भाषेत, बहुतेक ग्रीकमधून भाषांतरित झालेले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील एक उताराही त्यांत आहे. या ग्रंथांचे वय कसे ठरले, हे सांगण्याजोगे आहे. वेष्टन ताठ राहावे म्हणून बांधणाऱ्याने चामड्याच्या आतून पपायरसची रद्दी चिकटवली होती. ही रद्दी सुटी करून वाचल्यावर तीत हिशेब, पत्रे आणि करारपत्रे निघाली, आणि सातव्या ग्रंथाच्या वेष्टनातील कागदांवर इ. स. ३४१, ३४६ व ३४८ या सालांच्या तारखा मिळाल्या. अर्थात तो ग्रंथ ३४८ च्या आधी बांधलेला असणे शक्य नाही.

या संग्रहातील ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याच्या तीन प्रती नाग हम्मादीत मिळाल्या, तर चौथी १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेल्या आणि आता बर्लिनमध्ये असलेल्या हस्तलिखितात आहे. एकाच लेखनाच्या चार प्रती टिकाव्यात, यावरून त्याचा मान कळतो. त्यातील पहिल्या भागाशी बरीचशी जुळणारी कथा इरेनेयसनेही सांगितली आहे, त्यामुळे तिचे मूळ इ. स. १८० पूर्वीचे ठरते. आदामाचा तिसरा मुलगा शेथ याला जे आपला मूळपुरुष मानत, त्या गटांना आधुनिक अभ्यासक शेथपंथी म्हणतात, आणि त्यांच्या विचाराचा गाभा या पुस्तकात आहे.

आरंभी आहे तो अदृश्य आत्मा. तो सदेह नाही आणि विदेहही नाही, मोठा नाही आणि लहानही नाही, त्याचे वर्णन नकारांनीच करता येते. त्याच्यापासून बार्बेलो नावाची आद्य शक्ती आणि मग प्रकाशमय सत्तांची एक मालिका प्रकट होते. या सत्तांना ‘एऑन’ म्हणतात आणि त्यांच्या एकत्रित पूर्णत्वाला ‘प्लेरोमा’. मालिकेतील सोफिया आपल्या जोडीदाराला न विचारता आणि परमात्म्याच्या संमतीवाचून काही निर्माण करू पाहते. तिच्यापासून जे जन्मते ते सिंहाच्या तोंडाचे सर्परूप असते, त्याचे डोळे विजेसारखे पेटलेले असतात. लाजेने ती त्याला तेजस्वी ढगात झाकून दूर ठेवते. हाच याल्दाबाओथ, जगाचा कर्ता. तो स्वतःचे सेवक-अधिपती निर्माण करतो आणि जाहीर करतो, “मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्यावाचून दुसरा देव नाही.” हे शब्द जुन्या करारातले आहेत. ग्रंथकार त्यावर बोट ठेवतो की, दुसरा कोणी नसेलच तर हा ईर्ष्या कोणाची करतो? एका वाक्याच्या पोटातून प्रतिपक्षाचाच पुरावा काढणारी ही वाचनपद्धती पाहिली, की नॉस्टिक लेखक पवित्र ग्रंथ टाकून देत नव्हते, तर अत्यंत बारकाईने आणि उलट्या बाजूने वाचत होते, हे ध्यानात येते.

पुढे अधिपती मिळून आदाम घडवतात. पुस्तकाच्या विस्तृत आवृत्तीत डोके, भुवया, कान, बोटे, नखे असा एकेक अवयव आणि तो घडवणाऱ्या दूताचे नाव अशी लांबलचक यादी येते आणि दूतांची एकूण संख्या ३६५ सांगितली जाते. इतके करूनही तो पुतळा हलत नाही. अखेर याल्दाबाओथला फसवून त्याच्याकरवी आदामात फुंकर घालवली जाते, आणि सोफियाकडून त्याच्यात आलेली दिव्य शक्ती त्या फुंकरीबरोबर माणसात जाते. आदाम उठून उभा राहतो आणि आपल्या निर्मात्यांपेक्षा श्रेष्ठ ठरतो. माणसाची दैना आणि त्याची थोरवी या एकाच प्रसंगात सांगितली आहे.

वॅलेंटिनसचा सूर याहून मृदू आहे. तो इजिप्तचा, अलेक्झांड्रियात शिकलेला आणि इ. स. १४० च्या आसपास रोममध्ये शिकवणारा. तो बिशप होण्याची आशा बाळगून होता, असे त्याचा विरोधक टर्टुलियन सांगतो. म्हणजे हा मनुष्य चर्चच्या बाहेर नव्हता, आतच होता. त्याच्या परंपरेत जगाचा कर्ता दुष्ट नाही, केवळ अजाण आहे. माणसांचे तीन प्रकार तिथे सांगितले जातात : जडात गुंतलेले, श्रद्धेने चालणारे आणि आत्मज्ञानी. त्याचा शिष्य टॉलेमी याने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेले पत्र एपिफेनियसने जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. मोशेच्या नियमशास्त्रातील काही भाग देवाचा, काही मोशेचा आणि काही वडीलधाऱ्यांचा, असे तो शांतपणे उलगडून दाखवतो. दुसरा शिष्य हेराक्लिऑन याने योहानाच्या शुभवर्तमानावर लिहिलेले भाष्य हे त्या ग्रंथावरचे आपल्याला ज्ञात असलेले सर्वांत जुने भाष्य आहे. नाग हम्मादीत सापडलेले ‘सत्याचे शुभवर्तमान’ वॅलेंटिनसचेच असावे असे अनेकांना वाटते. त्यात अज्ञानाला दुःस्वप्नाची उपमा आहे. कोणी पाठलाग करतो आहे, कोणी मारतो आहे, आपण उंचावरून कोसळतो आहोत किंवा पंखांवाचून उडतो आहोत, आणि जाग येताच यातले काहीच नव्हते. इतके जिवंत लिहिणाऱ्या परंपरेला केवळ ‘पाखंड’ म्हणून बाजूला ठेवणे हा आपलाच तोटा आहे.

बासिलिडीझ हा अलेक्झांड्रियाचा आणखी एक शिक्षक. त्याच्या मते स्वर्ग ३६५ आणि त्यांचा अधिपती अब्राक्सस, असे इरेनेयस सांगतो. ग्रीक अक्षरांना संख्यामूल्ये असतात, आणि या नावातील अक्षरांची बेरीज नेमकी ३६५ भरते. सिनोपीच्या मार्सिऑनला पुष्कळदा याच रांगेत बसवतात. त्याचेही देव दोन होते, पण त्याच्याकडे एऑनांची कथा नव्हती आणि त्याचा भर ज्ञानावर नसून श्रद्धेवर होता. इ. स. १४४ मध्ये रोमच्या ख्रिस्ती समाजाने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली.

विरोध केवळ ख्रिस्ती बाजूने झाला नाही. रोममधील तत्त्वज्ञ प्लोटिनस याच्या वर्गात काही नॉस्टिक येत असत. त्यांच्या विरोधात त्याने स्वतंत्र निबंधच लिहिला. इतके सुंदर विश्व आणि इतके नियमित तारे पाहूनही त्याच्या कर्त्याची निंदा कशी करवते, हा त्याचा संताप होता. शिवाय हे सारे गट स्वतःला एका धर्माचे मानत नव्हते. ‘नॉस्टिसिझम’ हा शब्दच सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडवला गेला, आणि इतक्या भिन्न विचारांना एकाच नावाखाली बांधावे की नाही, यावर गेली काही दशके अभ्यासक गंभीरपणे वाद घालत आहेत. मला त्यांची शंका रास्त वाटते.

मेसोपोटेमियात इ. स. २१६ मध्ये जन्मलेल्या मानीने प्रकाश आणि अंधार यांच्या संघर्षावर स्वतंत्र धर्म उभारला, तो सिंधू खोऱ्याकडे येऊन गेला आणि बुद्ध, जरथुष्ट्र व येशू यांना त्याने आपले पूर्वसूरी मानले. त्याचा धर्म उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरून अखेर लोपला. मात्र दक्षिण इराक आणि इराणच्या खुझेस्तान प्रांतातील मंदाई लोक अजून आहेत. त्यांच्या अरामी बोलीत ‘मंदा’ म्हणजे ज्ञान. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ते मान देतात आणि वाहत्या पाण्यात पुन्हा पुन्हा बाप्तिस्मा घेतात. कोणत्याही वाहत्या पाण्याला त्यांच्याकडे ‘यार्दना’ म्हणजे यार्देन नदीचेच नाव आहे. २००३ नंतरच्या हिंसाचारात त्यांच्यातील बहुतेकांना इराक सोडावे लागले, आणि सिडनीत स्थायिक झालेले मंदाई आता नेपियन नदीच्या काठी पांढरी वस्त्रे नेसून उतरतात.