धारवाडची पदवी आणि सोप्यातली बैठक

बेळगावजवळच्या कडोलीत नाहीतर उचगावात साहित्य संमेलनाच्या सकाळी ग्रंथदिंडी निघते, तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात वही उघडून बसलेला एखादा माणूस हमखास दिसतो. जेवायला किती पानं, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला कुणाची गाडी, सगळा हिशेब त्याच्याकडे. चौकशी केली की बहुतेकदा कळतं, हायस्कूलचे मास्तर आहेत आणि पदवी धारवाडची.

बेळगावात १९३३ साली लिंगराज कॉलेज निघालं, १९४५ साली राणी पार्वतीदेवी. जिल्हा मुंबई प्रांतात, म्हणून परीक्षाही मुंबई विद्यापीठाच्या. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि लवकरच धारवाडला स्थिरावलं. म्हणजे राज्य बदलण्याआधीच इथल्या पोरांचं विद्यापीठ बदललं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला. कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आलं. मग बेळगुंदीचा पोरगा धारवाडला आणि पलीकडे चंदगड तालुक्यातल्या तुडयेतला त्याचा मामेभाऊ कोल्हापूरला, अशी घराघरांतून वाटणी झाली.

मराठी शाळेतून धारवाडच्या हॉस्टेलवर गेलेल्या पोराला खोलीत सोबती मिळायचा गदगचा, विजापूरचा. शाळेत अडखळत वाचलेली कन्नड मेसच्या पंगतीत जिभेवर बसायची. माझे काका असेच शिकले. गावी परतल्यावर संध्याकाळी त्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, माणसं यायची. एक म्हातारी दर महिन्याला प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद आणायची, "एवढं वाचून सांग की रे बाळ." कधी जमिनीचा आरटीसी उतारा, कधी पंचायतीची नोटीस, सगळं कन्नडात. काका आधी मोठ्यानं वाचायचे, मग मराठीत समजावायचे आणि अर्ज लिहून अंगठा कुठं उमटवायचा तेही दाखवायचे. त्यांनी एक रुपया घेतला नाही.

बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या सीमालढ्याचा इतिहास सांगताना मोर्चे येतात, १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे येतात, आणि ते यायलाच हवेत. पण अशा सोप्यांमधून गावाचा जो आधार टिकला, त्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९४६ साली लेखक ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून इथं साहित्य आणि सीमाप्रश्न वेगळे राहिलेच नाहीत. म्हणून तर कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराचं पहिलं सार्वजनिक काम संमेलनाच्या खुर्च्या लावण्याचं असायचं.

२०१० पासून बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. ज्या मुलींना घरचे धारवाडला पाठवत नसत, त्या आता सकाळच्या बसनं जाऊन एम.ए. करतात. काकांच्या सोप्यात हल्ली माझी चुलत बहीण बसते. म्हातारी गेली, तिची सून त्याच पिशवीत कागद घेऊन येते.