रुग्णालयजन्य संसर्ग व प्रतिजैविक प्रतिरोध : कोल्हापूर परिसर

रुग्ण दाखल होताना जी लागण नव्हती, आणि परिपाककाळातही (जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळात) नव्हती, ती दाखल झाल्यापासून 48 तासांनंतर दिसू लागली तर तिला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. ऑपरेशनच्या जखमेचा हिशेब वेगळा आहे. ऑपरेशननंतर 30 दिवसांत जखम पिकली तर ती रुग्णालयजन्य धरतात. कृत्रिम सांधा, हाडाची प्लेट किंवा हर्नियाची जाळी बसवली असेल तर ही मुदत 90 दिवसांची होते. टाके काढून गारगोटीला किंवा गडहिंग्लजला घरी गेलेल्या रुग्णाची जखम तिसऱ्या आठवड्यात वाहू लागली, तरी ती मूळ रुग्णालयाच्याच खात्यावर मांडायची असते. बहुतेक वेळा ती मांडली जात नाही, कारण रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि मूळ रुग्णालयाला कोणी कळवत नाही. म्हणून 30 दिवसांनी फोन करून जखमेची चौकशी करणे हा संसर्ग मोजण्याच्या कामाचाच भाग आहे. जिथे हा फोन होत नाही, तिथल्या "आमच्याकडे इन्फेक्शन नाही" या दाव्याला अर्थ नसतो.

गंभीर संसर्गाचे चार प्रकार प्रामुख्याने दिसतात : लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा, व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा न्यूमोनिया, मोठ्या शिरेतील नळीतून थेट रक्तात शिरणारा, आणि ऑपरेशनच्या जखमेचा. पहिल्या तिन्हींत शरीरात घातलेली नळी हेच दार असते. नळी आत असेपर्यंत जीवाणू तिच्या पृष्ठभागावर चिकट थर धरून राहतात. या थरात औषध नीट पोचत नाही. त्यामुळे नळी न काढता नुसती औषधे बदलत राहिले, तर ताप दोन दिवस उतरतो आणि पुन्हा चढतो.

रुग्णाचा प्रवास, जीवाणूचा प्रवास

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. शहरात मोठी खासगी रुग्णालयेही पुष्कळ आहेत. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांबरोबरच सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमाभागातील निपाणी-बेळगावकडूनही रुग्ण इथे येतात. हे रुग्ण सहसा थेट येत नाहीत. गावच्या दवाखान्यात दोन दिवस इंजेक्शन, मग तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये सलाईन आणि "वरचे" अँटिबायोटिक, आणि श्वास लागल्यावर रुग्णवाहिकेतून कोल्हापूरचा आयसीयू, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास असतो. सेफ्ट्रियाक्झोन, पिपरॅसिलीन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या पायऱ्या वाटेतच चढून झालेल्या असतात.

याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, कोल्हापुरात घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जीवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, बरेचदा काहीच उगवत नाही, कारण जीवाणू औषधाने अर्धमेला झालेला असतो. काही न उगवणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे, पण मग नेमके औषध निवडण्याचा आधारच हातातून जातो. दुसरा परिणाम अधिक घातक आहे. मधल्या रुग्णालयात रुग्णाच्या आतड्यात, घशात किंवा त्वचेवर ठाण मांडलेला प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणारा, जीवाणू त्याच्याबरोबर नव्या आयसीयूत येतो आणि शेजारच्या खाटेपर्यंत पोचतो.

म्हणून रुग्ण पाठवतानाच्या चिठ्ठीत "अँटिबायोटिक दिले" एवढे लिहून भागत नाही. औषधाचे नाव, डोस, पहिल्या डोसची तारीख व वेळ, कोणती नळी कोणत्या दिवशी घातली, आणि कल्चर घेतले असल्यास ते कुठल्या लॅबमध्ये आहे, हे सारे त्यात हवे. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, तोवर रुग्ण पुढे गेलेला असतो. तो रिपोर्ट फोनवरून पुढच्या डॉक्टरला कळवणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे.

प्रतिरोध कसा येतो

"माझ्या शरीराला गोळीची सवय झाली" असे रुग्ण म्हणतात. सवय शरीराला होत नसते. प्रतिरोध जीवाणूत येतो. अनुकूल स्थितीत ई. कोलाय दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. कोट्यवधींच्या गर्दीत योगायोगाने औषधाला दाद न देणारे मूठभर असतात. औषध बाकीच्यांना मारते आणि या मूठभरांना मोकळे रान मिळते. कमी डोसामुळे असे प्रतिरोधी जीवाणू निवडून निघतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

जीवाणूंच्या युक्त्या मुख्यतः चार आहेत. औषध तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करणे, आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकणे, औषध आत येण्याची छिद्रे बंद करणे, आणि औषध जिथे बसते त्या जागेची घडण बदलणे. मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही शेवटची युक्ती वापरतो. भारतातल्या आयसीयूंमध्ये मात्र खरी डोकेदुखी ग्रॅम-ऋण (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जीवाणूंची आहे : क्लेबसिएला न्यूमोनिए, ॲसिनेटोबॅक्टर बाउमनाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा. यांची विकरे मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधांनाही तोडतात. त्यांतील एनडीएम-1 हे विकर 2008 मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या लघवीतील क्लेबसिएलात सापडले. त्या रुग्णाने आधी नवी दिल्लीत उपचार घेतले होते. अशा विकरांची जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांवर असतात, आणि एका जातीचा जीवाणू ती दुसऱ्या जातीला देऊ शकतो. एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधगटांविरुद्धची जनुके एकत्र असू शकतात. त्यामुळे एखादे साधे औषध वारेमाप वापरले, तरी त्याच्यासोबत महागड्या औषधाचा प्रतिरोधही पोसला जातो.

जगभरात 2019 या एका वर्षात जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट सुमारे 12.7 लाख मृत्यू झाले असा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

वॉर्डात नेमके काय चुकते

लघवीची पिशवी पाहावी. रुग्णाला सीटी स्कॅनला नेताना स्ट्रेचरवर घेतात, पिशवी खाली लोंबकळू नये म्हणून कोणीतरी ती उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवते, आणि पिशवीत तासन् तास साठलेली लघवी नळीतून मूत्राशयात परत जाते. हलवण्याआधी पिशवी रिकामी करावी, हलवताना नळीला चिमटा लावावा, पोचताच पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवून चिमटा काढावा. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. नमुना हवा तर नळीवरच्या ठरलेल्या जागेतून सुईने घ्यावा. नळी असताना दररोज 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जीवाणू येतात. "आज ही नळी का हवी?" हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारला आणि उत्तर नसेल तर नळी काढली, याहून प्रभावी उपाय नाही.

दुसरी जागा सलाईनच्या स्टँडची. शिरेतील सुई धुण्यासाठी मीठपाण्याची एक मोठी बाटली ट्रेमध्ये ठेवतात, तिच्या बुचात एक सुई कायमची खुपसलेली असते, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्या खाटांसाठी त्यातूनच सिरिंज भरतात. एकदा त्यात जीवाणू शिरला की सगळ्या वॉर्डाला वाटला जातो. एकाच आठवड्यात अनेकांच्या रक्तात बर्कहोल्डेरिया सेपाशियासारखा जीवाणू उगवला तर पहिली शंका अशाच एखाद्या सामाईक द्रवाची घ्यावी. कडक प्लॅस्टिकच्या बाटलीत हवेसाठी दुसरी सुई टोचण्याची पद्धतही तितकीच वाईट. आपोआप आकसणारी पिशवी वापरली की तिची गरज राहत नाही. औषध देण्यापूर्वी नळीचे तोंड 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने 15 सेकंद घासून वाळू द्यावे.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके 30 ते 45 अंश उंच ठेवतात, म्हणजे पोटातले वर येऊन फुफ्फुसात जात नाही. श्वासनळीतील नळीच्या फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनळीला इजा होते. तो बोटाने दाबून कळत नाही, मापकानेच पाहावा लागतो.

हात, पाणी, फरशी

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आजही नियम तोच आहे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या खाटेभोवतालच्या वस्तूंना हात लावल्यावर हात स्वच्छ करायचे. अल्कोहोलचे द्रावण 20 ते 30 सेकंद चोळावे; हात दिसण्याइतके मळले असतील तर साबणपाण्याने 40 ते 60 सेकंद धुवावेत. हातमोजे घालून एका खाटेवरून दुसरीवर गेले तर मोजे वापरण्याचा हेतूच बुडतो.

द्रावण रुग्णालयात करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार 10 लिटरसाठी 96 टक्के इथेनॉल 8333 मिलिलिटर, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिलिलिटर, 98 टक्के ग्लिसरॉल 145 मिलिलिटर, आणि उरलेले उकळून गार केलेले पाणी. भरल्यावर 72 तास तसेच ठेवावे, म्हणजे बाटलीतले बीजाणू मरतात. मळीपासून अल्कोहोल काढणारे साखर कारखाने या भागात आहेत, तेव्हा कच्चा माल लांब नाही. मात्र खरेदीला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि साठा आगीपासून जपावा लागतो.

2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेवरील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आले. अशा दिवसांत रुग्णालयाने टँकरचे पाणी टाकीत घेताना क्लोरीन तपासून मगच वापरात आणावे, आणि अल्कोहोल द्रावणाचा साठा पावसाळ्यापूर्वीच वाढवून ठेवावा.

ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर अनेक आठवडे जगतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचे बटण, पडदा, मोबाइल या त्याच्या जागा. सांडलेल्या रक्तासाठी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागते. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल तर एका भागात चार भाग पाणी. हे द्रावण रोज ताजे करावे, कारण ऊन आणि उष्णतेने ते निकामी होते. मळ असेल तर द्रावणाचा जोर त्यातच खर्चून जातो, म्हणून आधी पुसून घेऊन मग टाकावे. संडास धुण्याच्या ॲसिडात ते कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नातेवाइकांचा विषयही इथेच येतो. पेशंटला बघायला जाणे ही आपल्याकडे माणुसकीची रीत आहे, आणि जनरल वॉर्डात कूस बदलणे, भरवणे, पिशवी रिकामी करणे ही कामे बरेचदा घरचेच करतात. शेजारच्या आजीलाही तेच हात आधार देतात. त्यांना हाकलण्यात अर्थ नाही. दाखल करतानाच सिस्टरने त्यांना हात चोळण्याची पद्धत करून दाखवावी, खाटेवर बसू नये हे सांगावे, आणि सर्दी-खोकला असलेल्याने घरीच थांबावे हे स्पष्ट करावे.

कल्चर आणि औषध

रक्ताचे कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावे. दोन वेगळ्या जागांतून, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त हवे. दोन-तीन मिलिलिटर घातले तर जीवाणू हुकतो. त्वचा अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनने पुसून पूर्ण वाळू द्यावी, बाटलीचे रबरी बूचही पुसावे. पण रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल तर कल्चरच्या नावाखाली औषधाला उशीर करू नये.

रिपोर्टवर औषधापुढे एमआयसीचा आकडा असतो : जीवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा. सर्वांत लहान आकड्याचे औषध सर्वांत चांगले, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध कागदी चकतीतून जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात नीट पसरत नाही. चकतीच्या पद्धतीवर दिलेला त्याचा निकाल ग्राह्य धरू नये. आणखी एक गोष्ट : ताप नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, तरी नळीच्या लघवीत क्लेबसिएला उगवला म्हणून कोलिस्टिन सुरू करणे म्हणजे कागदावर उपचार करणे. कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करते.

ऑपरेशनपूर्वीच्या प्रतिबंधक डोसाचा गोंधळ सर्वत्र आहे. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम, चीर देण्यापूर्वी 60 मिनिटांच्या आत; ऑपरेशन चार तासांपुढे लांबले तर पुन्हा एक डोस. स्वच्छ ऑपरेशनमध्ये त्यानंतर औषधाची गरज नसते. "टाके निघेपर्यंत" पाच-सात दिवस गोळ्या देण्याने जखम वाचत नाही, आतड्यातले जीवाणू मात्र प्रतिरोधी होतात. केस काढायचे असतील तर वस्तऱ्याऐवजी क्लिपर वापरावा. वस्तऱ्याच्या बारीक जखमांत जीवाणू वाढतात.

किती दिवस औषध द्यायचे तेही आजारानुसार ठरते. व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाला बहुधा 7 दिवस पुरतात, रक्तातील स्टॅफिलोकॉकस ऑरियसला किमान 14 लागतात. कल्चर आल्यावर, साधारण 48 ते 72 तासांनी, औषध बंद करायचे, साध्यावर आणायचे की तसेच ठेवायचे हे ठरवून केसपेपरवर कारणासह लिहावे.

दुकान आणि गोठा

मेडिकल दुकानात शेड्यूल एच1 (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांची यादी) मधील औषधे, म्हणजे सेफालोस्पोरिनच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून कार्बापेनेमपर्यंत, मार्च 2014 पासून चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते.

कोल्हापूर दुधाचा जिल्हा असल्याने गोठाही या साखळीत येतो. म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये आणि घरातही पिऊ नये. फक्त आजारी सडाचे बाजूला काढून भागत नाही, औषध रक्तावाटे इतर सडांतही उतरते. शेवटच्या फळीतले कोलिस्टिन मात्र दूध-मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै 2019 पासून बंदी घातली आहे. कुक्कुटपालन करणाऱ्याने खाद्याच्या पूरक पुडीवरील घटक वाचून घ्यावेत.