सत्तर टक्के मोकळी जागा, पण किती जणांत?

वाकडहून हिंजवडीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गृहप्रकल्पांचे फलक लागतात. त्यांवर एक आकडा हमखास असतो, '70 टक्के मोकळी जागा'. कधी 75, कधी 80. हा आकडा बहुतेक वेळा खराही असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, इमारती उंच गेल्या म्हणून खाली जमीन मोकळी राहिली. आपल्याकडच्या चांगल्या शिकलेल्या माणसांचाही असाच समज आहे. तो नेमका कुठे चुकतो हे पाहायला शाळेतलं भागाकाराचं गणित पुरतं.

एक एकर जमीन घेऊ. 40 गुंठे, म्हणजे जवळपास 4000 चौरस मीटर. तिच्यावर किती बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीतला एफएसआय, ठरवतो. एफएसआय 1 असेल तर सगळे मजले मिळून 4000 चौरस मीटर बांधता येतात. हजार-हजार चौरस मीटरचे चार मजले बांधले तर जमिनीचा पाव भाग इमारतीखाली जातो आणि 75 टक्के मोकळा राहतो. आता एफएसआय 3 करू. हजार चौरस मीटरचे बारा मजले होतील. इमारतीखाली तेवढीच जमीन गेली, मोकळी जागा पुन्हा 75 टक्केच. फलकावरचा आकडा अजिबात हलला नाही.

माणसं मात्र हलली. दर माणशी 25 चौरस मीटर बांधकाम धरलं तर पहिल्या इमारतीत 160 माणसं राहतील, दुसरीत 480. त्याच 3000 चौरस मीटर मोकळ्या जागेतून आधी माणशी 18.75 चौरस मीटर येत होते, आता 6.25 येतात. त्यातही गाड्यांचा रस्ता, तळघराचा उतार, अग्निशमनाच्या बंबाला फिरायची जागा, ट्रान्सफॉर्मर हे सगळं वजा करायचं. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात 10 टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी सोडावी लागते. आपल्या एकरात ती झाली 400 चौरस मीटर. 160 माणसांत माणशी अडीच, 480 माणसांत 0.83. हे 0.83 म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन. संध्याकाळी साडेसहाला घसरगुंडीपुढे रांग का लागते, ते या चौकोनात उभं राहिलं की कळतं.

नियमाची खोच इथे आहे. बागेची जागा जमिनीच्या टक्क्यांत मोजली जाते आणि ती वापरणारी माणसं एफएसआयच्या पटीत वाढतात. पंगतीत पानं तिप्पट मांडली आणि भात तेवढाच शिजवला, असा हा हिशोब आहे.

आता थोडं खोल जाऊ, कारण मला या विषयातलं सर्वांत सुंदर गणित इथे दिसतं. एका माणसाला उपनगरात एकूण किती जमीन लागते? तिचे दोन भाग पडतात. पहिला भाग घराखालचा, म्हणजे 25 भागिले एफएसआय. दुसरा भाग घराबाहेरचा. बाग, मैदान, रस्ता, शाळा, दवाखाना, मंडई. केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत मोकळ्या जागेसाठी माणशी 10 ते 12 चौरस मीटर सुचवले आहेत. बागेचे 10 आणि बाकी सगळ्याचे मिळून आणखी 10 धरू. झाले 20. हा दुसरा भाग एफएसआयने भागला जात नाही. मूल बाराव्या मजल्यावर राहतं म्हणून त्याला लहान मैदान पुरत नाही.

एफएसआय 1 असताना माणशी जमीन 25 अधिक 20, म्हणजे 45 चौरस मीटर. एफएसआय 2 केला की 32.5. 3 केला की 28.3. 4 केला की 26.25. पहिल्या वाढीत साडेबारा चौरस मीटर वाचले, दुसरीत जेमतेम चार, तिसरीत दोन. आलेख काढलात तर वक्ररेषा आधी झपकन उतरते आणि मग 20 च्या रेषेला जवळजवळ समांतर होते. हेक्टरी माणसांत सांगायचं तर 222 वरून 381. एफएसआय चौपट केला, पण सोयी शाबूत ठेवल्या तर माणसं 1.7 पटच मावतात. मजले अनंत केले तरी हेक्टरी 500 च्या पुढे जाता येत नाही.

मग प्रत्यक्षात चौपट माणसं कशी मावतात? दुसऱ्या भागातून. बाग आणि रस्ते तेवढेच राहतात आणि माणशी 20 चे 5 होतात. त्यातले अडीच बागेचे. उंच इमारतीने वाचवलेली म्हणून जी जमीन दाखवली जाते, ती बरीचशी मैदानातून आणि फुटपाथमधून उचललेली असते. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, अभियंते शिरीष पटेल घरातली गर्दी आणि रस्त्यावरची गर्दी वेगवेगळी मोजा असं वर्षानुवर्षं सांगत आले, त्यामागे हेच गणित होतं.

यावरून दाट वस्ती वाईट, असं कुणी समजू नये. एक लाख माणसं एफएसआय 1 ने वसवली तर 450 हेक्टर लागतात, 3 ने वसवली तर 283. मधले 167 हेक्टर म्हणजे मुळशीतली भातखाचरं. शिवाय विरळ वस्तीत बस आणि मेट्रो चालवणं परवडत नाही. माझं म्हणणं एवढंच की एफएसआय वाढवताना बागेची जमीन माणसांच्या हिशोबाने वाढली पाहिजे. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10 लाख होती, 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. एवढ्या वेगात हा हिशोब नंतर करू म्हणून चालत नाही.

महापालिका बागांसाठी जागा आरक्षित करतेच की, असं कुणी म्हणेल. विकास आराखड्यात हिरवे तुकडे असतात हे खरं. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. रोख मोबदल्याला महापालिकेकडे पैसे नसतात. म्हणून मालकाला टीडीआर दिला जातो, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. दाट गावठाणाबाहेर तो ढोबळमानाने जमिनीच्या दुप्पट मिळतो. बागेसाठी एक हेक्टर घेतलं तर 20 हजार चौरस मीटर बांधकामाचा हक्क तयार झाला. तो त्याच दराच्या जमिनीवर, त्याच उपनगरात उतरला तर 800 माणसं आली. त्यांना माणशी 10 प्रमाणे 8 हजार चौरस मीटर बाग हवी. नव्या बागेतल्या दहा भागांपैकी आठ भाग, ती मिळवण्याच्या किमतीतच खर्ची पडले. (जमिनीच्या दरांतल्या फरकाप्रमाणे टीडीआर कमी-जास्त होतो, पण मुद्दा बदलत नाही.)

पोडियमवरच्या बागेबद्दलही एक. वाहनतळाच्या स्लॅबवर माती पसरून हिरवळ आणि शोभेचे पाम लावता येतात. वड, कडुनिंब, करंज यांच्या मुळांना तिथे खाली जाता येत नाही आणि पडलेला पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी पाइपातून गटारात जातो. लेकरांना पळायला ती जागा बरी आहे, पण जमिनीवरच्या बागेचं काम तिच्याकडून होत नाही.

घर घेताना दाराची दिशा आणि ईशान्य कोपरा तपासणारी कुटुंबं मी पुष्कळ पाहतो. त्या कोपऱ्याचा घरातल्यांच्या आरोग्याशी किंवा बरकतीशी संबंध असल्याचा काडीचाही पुरावा नाही. समोरच्या रिकाम्या भूखंडावर आराखड्यात काय दाखवलं आहे, याचा संबंध मात्र पुढची तीस वर्षं रोज येणार असतो. नगररचना विभागात अर्ज करून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागता येतो. वास्तुतज्ज्ञाच्या फीपेक्षा तो स्वस्त पडतो.

बाग आधी आणि माणसं नंतर, अशी रीत आपल्या कायद्यात जुनीच आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याखाली सांताक्रूझ, खार, विलेपार्ले या भागांत नगररचना योजना झाल्या. अशा योजनेत वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र धरून नव्याने आखले जातात, प्रत्येक मालक रस्ते, शाळा आणि बागेसाठी आपला वाटा सोडतो आणि त्याला लहान पण सरळ, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत मिळतो. भूखंडाला रस्ता मिळाल्याने त्याची किंमत वाढते, म्हणून वाटा सोडणं मालकाला परवडतं. बागेची जमीन अशी योजनेतूनच सुटते, तिच्यापोटी टीडीआर वाटत बसावं लागत नाही. हिंजवडीला लागून असलेल्या माण-म्हाळुंग्याच्या सुमारे 250 हेक्टरांवर पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, हीच वाट धरली आहे.

पण इथेही तोच भागाकार पाठ सोडत नाही. अंतिम भूखंड एकदा वाटून झाले की योजनेत गुंठाभरही जमीन शिल्लक उरत नाही. त्यानंतर प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामासाठीचं शुल्क, भरून किंवा टीडीआर घालून एफएसआय वाढवला तर माणसं वाढतात, बाग वाढूच शकत नाही. म्हणून बागेचा आकार ठरवताना अखेरचा, म्हणजे सगळे वाढीव हक्क धरूनचा एफएसआय हिशोबात घ्यायला हवा आणि त्यातून येणारी लोकसंख्या योजनेच्या कागदावर नोंदवायला हवी. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा एक प्रश्न लेखी विचारता येतो: वाढीव माणसांची माणशी 10 चौरस मीटर जमीन कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये दाखवली आहे?