कैसरियाचा युसेबियस आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासलेखनाची परंपरा

कैसरियाचा युसेबियस (सु. २६०–३३९) हा पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील कैसरिया या बंदराच्या शहराचा बिशप. ख्रिस्तसभेचा पहिला सलग इतिहास त्याने ग्रीक भाषेत लिहिला. त्याच्याआधी लूकने ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिली होती, दुसऱ्या शतकात हेगेसिप्पसने आठवणी नोंदवल्या होत्या. पण येशूपासून स्वतःच्या काळापर्यंतची तीन शतके कोणी एका सूत्रात ओवली नव्हती. आपण निर्जन, न मळलेल्या वाटेने निघालो आहोत, असे तो पहिल्याच प्रकरणात म्हणतो आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

हे काम त्याच्या हातून झाले याला कैसरियातील ग्रंथालय कारणीभूत आहे. ओरिजेन या थोर विद्वानाने येथे अध्यापन केले होते. त्याचे ग्रंथ पॅम्फिलस या विद्वान धर्मगुरूने मोठ्या निगुतीने जमवले, नकलून घेतले. युसेबियस हा त्याचा शिष्य आणि सहकारी. ३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. त्यात पॅम्फिलस तुरुंगात गेला आणि ३१० मध्ये मारला गेला. शिष्याने गुरूचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून घेतले. इतिहासात तो ‘पॅम्फिलसचा युसेबियस’ म्हणूनही ओळखला जातो. छळ ओसरल्यावर, सुमारे ३१३ मध्ये, तो बिशप झाला. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेला तो हजर होता.

त्याच्या दहा भागांच्या इतिहासाचे खरे बळ लेखनपद्धतीत आहे. ग्रीक-रोमन इतिहासकार आपल्या पात्रांच्या तोंडी स्वतः रचलेली भाषणे घालत आणि मूळ कागद सहसा जसाच्या तसा देत नसत. युसेबियसने उलट केले. पत्रे, राजाज्ञा, वादग्रंथांतील उतारे त्याने जसेच्या तसे उतरवून घेतले आणि कोणाच्या कोणत्या ग्रंथातून घेतले तेही सांगितले. पेपियस, मेलितो, करिंथचा डायोनिसियस या दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखकांबद्दल आज जे माहीत आहे त्यातले बरेचसे याच उताऱ्यांतून आले आहे, कारण मूळ ग्रंथ नष्ट झाले. पाचव्या भागातील ल्योंच्या मंडळीचे पत्र वाचले म्हणजे हे ऋण किती मोठे आहे ते कळते. सुमारे १७७ साली गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) झालेल्या छळाची ती हकिगत आहे. नव्वदी उलटलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांनी कोठडीत मरतो. ब्लांदिना ही अंगाने नाजूक दासी. हिला आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली देणे झेपणार नाही, अशी तिच्या मालकिणीलाच धास्ती वाटत होती. तिचा छळ करणारे पाळीपाळीने थकतात, ती थकत नाही. शेवटी तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकतात. युसेबियसने हे पत्र उतरवून घेतले नसते तर एका दासीचे हे नाव आपल्यापर्यंत पोचलेच नसते.

त्याच्या मागून आलेल्यांनी त्याच्याशी स्पर्धा केली नाही; तो जेथे थांबला तेथून त्यांनी लेखणी उचलली. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सॉक्रेटिसने सम्राट कॉन्स्टंटाईनपासून पुढची हकिगत ४३९ पर्यंत आणली. येशू हा देवपित्याने निर्माण केलेला आहे, असे मांडणाऱ्या एरियसच्या वादाला युसेबियसने न्याय दिला नाही, अशी तक्रारही त्याने केली; स्वतः युसेबियसची सहानुभूती काही काळ एरियसच्या बाजूला होती. सोझोमेनला आरंभापासून लिहायचे होते, पण हे काम युसेबियस आणि इतरांनी केलेच आहे, असे म्हणून त्याने तो बेत सोडला. थिओडोरेटनेही तोच धागा पुढे नेला. परिणाम असा की पहिल्या तीन शतकांचे चित्र युसेबियसने रंगवले तेवढेच उरले. त्याने जे वगळले, ते पुढच्या पिढ्यांसाठी जवळजवळ घडलेच नाही.

लॅटिन जगात हा इतिहास अक्विलियाच्या रुफिनसने नेला. त्याने सुमारे ४०२ मध्ये त्याचे संक्षिप्त भाषांतर केले आणि सम्राट थिओडोसियसच्या मृत्यूपर्यंतचे (३९५) दोन भाग स्वतःचे जोडले. सिरियाक भाषांतराची ४६२ साली लिहिलेली प्रत आजही उपलब्ध आहे. आर्मेनियनमध्येही ते गेले. इंग्लंडमधील जॅरोच्या मठात बसून बीडने ७३१ मध्ये इंग्रजांच्या ख्रिस्तसभेचा इतिहास पूर्ण केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच लॅटिन नमुना होता. पोप ग्रेगरीची पत्रे बीड पूर्ण उतरवून देतो, आपल्याला माहिती कोणी पुरवली ते प्रस्तावनेत नावानिशी सांगतो. ही शिस्त थेट युसेबियसकडून आलेली आहे, असे मानायला हरकत नाही.

त्याची शकावली याहूनही दूरवर पोचली. अब्राहामापासून आरंभ करून हिब्रू, अश्शूरी, मिसरी, ग्रीक, रोमन अशा राज्यांची वर्षे शेजारी-शेजारी स्तंभांत मांडलेली ती कोष्टके होती. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने त्यांचे लॅटिन भाषांतर करून ती ३७८ पर्यंत वाढवली आणि मध्ययुगीन युरोपातील कालगणनेचा पाया घातला गेला. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला. १६०६ मध्ये जोसेफ स्कॅलिजरने विखुरलेल्या अवशेषांतून तो पुन्हा उभा करण्याचा यत्न केला. आर्मेनियन भाषांतर १८१८ मध्ये छापून आले. चारही शुभवर्तमानांतील समान उतारे शोधण्यासाठी त्याने दहा तक्ते केले होते. ते केल्सच्या ग्रंथात (शुभवर्तमानांच्या मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितात) रंगीत कमानींखाली सजले आणि नव्या कराराच्या ग्रीक आवृत्तींच्या समासात अजूनही छापले जातात.

धर्मसुधारणेच्या काळात दोन्ही पक्षांनी त्याचाच आधार घेतला. माग्देबुर्गच्या लुथरपंथीयांनी शतकवार इतिहास काढला (१५५९–७४), त्याला उत्तर म्हणून बारोनियसने बारा खंडांची कॅथलिक बखर लिहिली (१५८८–१६०७).

त्याच्यावरचे आक्षेपही जुने आणि गंभीर आहेत. छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांत माजलेले कलह आपण सांगणार नाही, वाचकांच्या उपयोगाचे तेवढेच देऊ, असे तो आठव्या भागात उघड लिहितो. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार गिबनने नेमके यावर बोट ठेवले. सहसम्राट लिसिनियस कॉन्स्टंटाईनबरोबर होता तोवर तो गौरवाला पात्र ठरला, विरोधात जाताच दहाव्या भागात माथेफिरू झाला. इतिहासकार याकोब बुर्कहार्टने १८५३ मध्ये त्याला अप्रामाणिक ठरवले. हा निवाडा जास्तच कठोर वाटतो. राजाच्या बाजूला झुकलेला लेखक आणि कागदपत्रांशी इमान राखणारा संग्राहक हे दोन्ही गुण एकाच माणसात असू शकतात. इतिहासकार आर्नाल्दो मोमिल्यानो यांनी १९६३ मध्ये त्याच्या दस्तऐवजी पद्धतीचे नवेपण ठासून मांडले, तेव्हापासून अभ्यासकांचा कल बराच बदलला आहे.

भारताविषयीची त्याची एक नोंद अशीच पुढे वाढत गेली. अलेक्झांड्रियाचा गुरू पँटिनस भारतापर्यंत गेला आणि तेथे प्रेषित बर्थलमयने ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले, असे ‘म्हणतात’, एवढेच युसेबियस लिहितो. जेरोमने एका पत्रात पुढे जाऊन सांगितले की बिशप डिमीट्रियसने पँटिनसला ब्राह्मणांना व तत्त्वज्ञांना उपदेश करण्यासाठी धाडले होते. विसाव्या शतकात काही भारतीय ख्रिस्ती लेखकांनी बर्थलमयचे कार्यक्षेत्र कोकणात, कल्याण बंदराजवळ असल्याचे मानले. कल्याणच्या ख्रिस्ती वस्तीचा आधार म्हणून दाखवली जाते ती सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मासची ‘कल्लियाना’ येथील बिशपविषयीची नोंद, म्हणजे युसेबियसनंतर दोनशे वर्षांची. शिवाय त्या काळच्या ग्रीक लेखनात ‘भारत’ म्हणजे दक्षिण अरबस्तान किंवा इथिओपियाही असू शकतो. परंपरेने भारतात आला असे मानला जाणारा प्रेषित थोमा, त्याच्याविषयी तर युसेबियस वेगळेच सांगतो: थोमाच्या वाट्याला पार्थिया (प्राचीन इराणचा प्रदेश) आला होता, अशी परंपरा त्याने ओरिजेनच्या आधाराने नोंदवली आहे.